कोरे रकाने

एप्रिल २०२०मधलं एक कात्रण मी जपून ठेवलं आहे. चौकात मोटरसायकल आडवी पडलेली, अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा कान धरून ओणवा झालेला, आणि त्याच्या पोटऱ्यांवर फायबरची काठी उतरते आहे. चेहरा आम्ही धूसर केला होता. वर चार कॉलमांचा मथळा : ‘विनाकारण फिरणाऱ्यांना पोलिसांचा प्रसाद’. मथळा माझा, बातमी माझी. छायाचित्रकाराला सकाळी सातला तिथे बोलावलं होतं तेही मीच, कारण आदल्या रात्री एका ठाण्यातून फोन आला होता, ‘उद्या चौकात या, चांगला फोटो मिळेल.’ काठी उचलली गेली तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो. मला बरं वाटलं होतं. हे एवढं वाक्य कागदावर उतरवायला मला काही वर्षं लागली.

सोलापुरात मी सव्वीस वर्षं क्राईम बीट सांभाळलं. आपल्या माणसांना सांगून कळत नाही, चार बसल्या की कळतं, असं मी मानायचो. हे मत मी कुठून उचललं ते मला सांगता येणार नाही. शाळेत छडी होती, घरात पट्टा होता, ठाण्यात काठी होती. मत आपोआप तयार झालं असावं. त्यात कोरोनाची साथ आली. घरात ऐंशीची आई, दम्याची. मी रोज रात्री मागच्या दाराने येऊन मोरीत अंघोळ करायचो आणि मगच तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहायचो, आत जायचो नाही. रस्त्यावर दिसणारा प्रत्येक माणूस तिच्याच अंगावर चालून येतो आहे असं वाटायचं. भ्यालेल्या माणसाला काठीचा आवाज धीर देतो. वाचकही भ्यालेले होते. त्या बातमीवर जितके अभिनंदनाचे फोन आले, तितके मला सव्वीस वर्षांत कधी आले नव्हते.

त्यानंतर मे महिन्यात मी आणखी एक बातमी केली आणि ती मला जास्त सलते. ‘टाळेबंदीत गुन्हेगारीलाही टाळं’. महिन्याचा गोषवारा माझ्यासमोर होता. घरफोडी, जबरी चोरी, सोनसाखळी, वाहनचोरी, दुखापत, विनयभंग, विवाहितेचा छळ, सगळे रकाने रोडावलेले. मी ते मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी मांडले, वरिष्ठांची दोन वाक्यं घेतली आणि शेवटी ‘नागरिकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आहे’ असं लिहून टाकलं. कुठल्या नागरिकांनी, ते विचारायला मी कुणाकडे गेलो नव्हतो.

त्यातलं काही खरंही होतं. एसटी बंद, रेल्वे बंद, बाजार बंद. पाकीटमाराला गर्दी मिळेना. घराघरात माणसं बसलेली, मग घरफोडी करणार कुठे? रस्त्यावर वाहनं नव्हती म्हणून अपघातही घटले. पण मी सोनसाखळीचा रकाना आणि छळाचा रकाना एकाच मापाने मोजले. सोनसाखळी चोरणारा घराबाहेर असतो. छळणारा घरात असतो, आणि घराला बाहेरून कडी आपणच घातली होती.

ठाण्यात त्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणून एक हवालदार बाई बसल्या होत्या. मी गोषवारा उतरवून घेत असताना त्या म्हणाल्या, “सर, नोंद कमी झाली म्हणा. गुन्हा कमी झाला असं मी तरी लिहिणार नाही.” मी हसून मान हलवली आणि जे लिहायचं ठरवलं होतं तेच लिहिलं. माणूस एका वाक्याने बदलतो असं कथांमध्ये वाचलं होतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही.

जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर फोटोतला तो मुलगा मला अचानक भेटला. पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात तो मदतनीस होता, कारखाना नुकता अर्धा सुरू झाला होता. त्याने मला ओळखलं, मी त्याला नाही. “तुमीच हुतावं की त्या दिवशी, डायरी घेऊन,” तो म्हणाला. मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, त्या सकाळी कुठे निघाला होतास?

“कुठं नाही सर. घरात बसवत नव्हतं.”

मी पुन्हा विचारलं. काही आणायला? कुणासाठी डबा? आईचं औषध? त्याने डोकं हलवलं. पत्र्याची एक खोली, त्यात सात माणसं, एप्रिलचं सोलापूर. पारा चाळिशीच्या वर गेला की पत्रा संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो. रात्रभर झोप नाही, सकाळी जरा वारं खायला मित्राची गाडी घेऊन निघाला, एवढंच.

घरी परत येताना लक्षात आलं, मी त्याच्या खिशात औषधाची बाटली शोधत होतो. ती सापडली असती तर माझी चूक सोपी झाली असती : एका चांगल्या मुलाला चुकून मार बसला. पण बाटली नव्हती. म्हणजे प्रश्न उरतो की नियम मोडून वारा खायला निघालेल्या माणसाला चौकात ओणवं करून मारायचा अधिकार कुठल्या कायद्यात आहे? कुठल्याच नाही. पोलिसांनी अडवावं, परत पाठवावं, गाडी जमा करावी, गुन्हा नोंदवावा. शिक्षा न्यायालय देतं. हे मी कोर्टाच्या बातम्या करताना शेकडो वेळा लिहिलं असेल. ‘प्रसाद’ हा शब्द वापरला की मार हा मार राहत नाही, देवळातून आल्यासारखा वाटतो, आणि घेणाऱ्याने तो मुकाट घ्यायचा असतो. त्याच महिन्यात तामिळनाडूतल्या सातानकुळमची बातमी आली. दुकान ठरल्या वेळेनंतर उघडं ठेवल्याच्या आरोपावरून बाप-लेकांना १९ जूनला ठाण्यात नेलं, रात्रभर मारलं, २२ आणि २३ जूनला दोघेही गेले. पोलिसांवर खुनाचा खटला चालला. ती बातमी आमच्या डेस्कवर आली तेव्हा सगळे हळहळले. मी गप्प होतो. तिथे जे शेवटाला गेलं, ते आमच्या चौकातही सुरू होतं आणि मी त्याला मथळा दिला होता.

पण ‘प्रसाद’ची चूक मला तुलनेने लवकर दिसली. ‘टाळं’ची दिसायला वेळ लागला, आणि ती दिसली ती महिला तक्रार कक्षाच्या बाहेरच्या बाकावर.

मी तिथे वेगळ्याच बातमीसाठी गेलो होतो. बाकावर जागा नव्हती. बायका भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. बहुतेक बिडी वळणाऱ्या. आमच्या शहरात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, मांडीवर सूप घेऊन वळायचं, बिड्यांचे कट्टे बांधून परत नेऊन द्यायचे, छाट वजा करून जे मिळेल ते घ्यायचं. टाळेबंदीत बिडी कारखाने बंद, यंत्रमाग बंद. नवरा घरात, बायको घरात, पैसा दोघांकडे नाही. दारूची दुकानं बंद होती तेव्हा हातभट्टी दुप्पट भावाने मिळत होती आणि ती प्यायला पैसे घरातूनच जात होते. एका बाईच्या अर्जावर घटनेच्या तारखेपुढे लिहिलं होतं, ‘मार्चपासून’. मदतनीस बाई तिला विचारत होत्या, नेमकी तारीख सांगा. तिला सांगता येत नव्हती. तारीख मारहाणीला असते. रोजच्या जगण्याला कुठली तारीख?

मी तिच्याशी बोललो. तिने एक वाक्य सांगितलं, ते मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. “मारत हुताच की आधीपन. पन आधी मी निघून जायची.”

निघून जायची म्हणजे माहेरी. तिचं माहेर इंडी तालुक्यात, कर्नाटकात. एरवी दोन तासांची एसटी. चार दिवस जाऊन राहायची, भाऊ येऊन नवऱ्याला समज देऊन जायचा, पुढचे दोन महिने बरे जायचे. हे काही न्याय म्हणण्यासारखं नव्हतं, पण आपल्याकडे बाईची पहिली फिर्याद माहेरच्या ओसरीवर नोंदली जाते, ठाण्यात फार नंतर. त्या फिर्यादीला कागद नाही, कलम नाही. तरी तिच्यामुळे किती जीव वाचले असतील ते कुणी मोजलेलं नाही. टाळेबंदीत आपण ठाणी उघडी ठेवली आणि माहेर बंद केलं. राज्याची हद्द बंद, जिल्ह्याची हद्द बंद, ई-पास पाहिजे, आणि ई-पाससाठी लागणारा मोबाईल नवऱ्याच्या खिशात. कारणाच्या जागी ती काय लिहिणार होती? लग्न होतं, अंत्यविधी होता, वैद्यकीय कारण होतं. नवरा मारतो हे कारण कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. त्या वर्षी २५ जुलैला नागपंचमी होती. पंचमीला न्यायला भाऊ येणार नाही, हे त्या बाकावरच्या कित्येकींना जूनमध्येच कळून चुकलं होतं.

ठाण्यात का नाही गेलात, मी तिला विचारलं. एरवीही मी हाच प्रश्न विचारत आलो आहे आणि त्यात एक आरोप दडलेला असतो हे मला तेव्हा कळत नव्हतं. ती म्हणाली, गेले होते. त्यांच्या गल्लीत रुग्ण सापडला होता, गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले होते. एका रात्री ती पोराला कडेवर घेऊन बांबूपर्यंत गेली. पहाऱ्यावर माणूस होता. त्याने काठी जमिनीवर आपटून सांगितलं, आत जा. ती आत गेली.

त्या पहारेकऱ्याने काहीही चूक केली नव्हती. मी ज्याची स्तुती छापली होती, नेमकं तेच केलं होतं. रस्त्यावर येणारा माणूस आत ढकलणं हे त्याला दिलेलं काम. तो माणूस कशापासून पळत बाहेर आला आहे, हे विचारायचं काम त्याला कुणी दिलं नव्हतं, आणि मी लिहिलेल्या एकाही ओळीतून ते त्याला सुचलं नसतं. त्या रात्रीची कुठेही नोंद नाही. माझ्या बातमीतल्या रोडावलेल्या रकान्यात ती रात्र होती.

हे पाहू शकणारी माणसं तेव्हाही होती, हे मला मागाहून कळलं. राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० रोजीच व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार घ्यायला सुरुवात केली होती, कारण एरवी टपालाने येणारी पत्रं थांबली होती. पुणे जिल्हा परिषदेने जाहीर केलं होतं की घरात मारहाण करणाऱ्या पुरुषाला उचलून संस्थात्मक विलगीकरणात ठेवू. ती बातमी आमच्याकडेही आली होती. आतल्या पानावर, एक कॉलम. मला आज ती टाळेबंदीतल्या सगळ्यात शहाण्या विचारांपैकी एक वाटते, कारण घराबाहेर कुणी जायचं या प्रश्नाचं उत्तर तिथे पहिल्यांदा योग्य माणसाकडे बोट दाखवून दिलं होतं.

आता १८९७कडे वळतो, कारण माझ्या मताचा पाया तिथे हलला. दरवर्षी २२ जूनच्या आसपास मी चापेकर बंधूंवर एक लेख लिहायचो. पुण्यातली प्लेगची साथ, प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड, घराघरात घुसणारे गोरे सोजीर, रस्त्यावर फेकलेलं सामान, बायकामाणसांची तपासणी, आणि मग गणेशखिंडीच्या रस्त्यावरची ती रात्र. मी ते मनापासून लिहायचो. २०२०च्या जूनमध्ये नेहमीप्रमाणे लेख मागितला गेला, आणि त्या वेळी पहिल्यांदाच मी साथरोग कायद्याचा मजकूर उघडून वाचला. फेब्रुवारी १८९७मध्ये झालेला इवलासा कायदा, मूळ चार कलमांचा. तिसऱ्या कलमात म्हटलं होतं की या कायद्याखाली काढलेला हुकूम मोडणाऱ्याने तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम १८८चा गुन्हा केला असं समजावं. चौथ्यात, सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने जो लागू केला तो हाच कायदा. चौकातल्या त्या मुलावर गुन्हाही नोंदवला होता, तो ह्याच १८८चा.

रँडची समिती आणि आपलं आरोग्य खातं एक नव्हे, हे मला समजतं. परकी सत्ता वेगळी, निवडून दिलेलं सरकार वेगळं. आणि साथ दोन्ही वेळा खरी होती. प्लेगने माणसं किड्यामुंगीसारखी जात होती, सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पण मी वीसएक वर्षं ज्या गोष्टीला जुलूम म्हणत आलो, त्यात मला नेमकं काय खटकत होतं? गोरा रंग? की आजाराशी लढताना आजाऱ्यालाच गुन्हेगार समजणं? दुसरं खरं असेल तर एप्रिलमध्ये मी कुठल्या बाजूला उभा होतो? तो लेख मी त्या वर्षी पाठवला नाही. प्रकृतीचं कारण सांगितलं.

इथे पोलिसांविषयी लिहिलं नाही तर मी पुन्हा अर्धवट बातमी करतो आहे असं होईल. माझ्या ओळखीचे एक हवालदार होते. निवृत्तीला पाच वर्षं उरलेली, साखरेचा आजार. त्या उन्हाळ्यात बारा-बारा तास नाकाबंदीवर, घरी गेले तर क्वार्टरच्या जिन्याखाली झोपायचे, कारण वर दोन नाती. मुंबईत तीन पोलीस दगावल्यावर तिथल्या आयुक्तांनी पंचावन्नच्या पुढच्यांना घरी राहायला सांगितलं होतं. हे त्रेपन्नचे होते. जुलैत मी त्यांना माझ्या त्या दोन्ही बातम्यांबद्दल मनातलं बोलून दाखवलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “आमाला दिलं काय हुतं सर? शिट्टी, काठी आन मास्क. डॉक्टरला औषध म्हाईत न्हवतं, आमाला काठी म्हाईत हुती.” ऑगस्टमध्ये ते गेले. राज्यभरात शेकडो पोलीस असे गेले. सरकारने वारसांना पन्नास लाखांचं सानुग्रह अनुदान दिलं. पण जी कामं शिक्षकाची, आशाताईची, समाजसेविकेची, वॉर्डातल्या नगरसेवकाची होती, ती सगळी गणवेशाच्या अंगावर टाकून आपण मोकळे झालो, हे त्या रकमेने भरून निघत नाही. माझा रोख काठी धरणाऱ्या हातापेक्षा, तो हात उचलला की टाळी वाजवणाऱ्यांकडे आहे. त्यांच्यात मी होतो.

आणि आता जे मला सांगायचं आहे ते अजून घरातसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. माझा थोरला भाऊ एका खासगी रुग्णालयात, ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी चिठ्ठी हातात दिली : रेमडेसिविर, सहा. चार मिळाली. दोन मिळेनात. औषध दुकानांपुढे रात्रीपासून रांगा, जिल्हा प्रशासनाचं वाटप सुरू होतं पण नंबर लागत नव्हता. त्याच आठवड्यात मी काळाबाजाराच्या दोन बातम्या केल्या होत्या; पोलीस आणि औषध प्रशासन बनावट ग्राहक पाठवून सापळे लावत होते आणि वॉर्डबॉय, नर्स, दुकानातली मुलं पकडली जात होती. मी बनावट ग्राहक नव्हतो. मी खरा ग्राहक होतो. तिसऱ्या रात्री एकाने पार्किंगमध्ये गाठलं. दोन बाटल्या, पन्नास हजार. मी वहिनीच्या पाटल्या गहाण टाकून पैसे आणले आणि बाटल्या खिशात घालून जिना चढलो. पायात बळ नव्हतं, पण पाऊल अडखळलंही नाही.

दोन दिवसांनी बारामतीची बातमी आली. रेमडेसिविरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यात पॅरासिटामॉलचं पाणी भरून विकणारी टोळी पकडली होती. ती बातमी वाचताना माझे हात गार पडले. भाऊ वाचला. माझ्या दोन बाटल्यांत काय होतं, ते मला कधीच कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या नोव्हेंबरमध्येच रुग्णालयातल्या कोविड रुग्णांसाठी हे औषध वापरू नका असं सुचवलं होतं; म्हणजे बाटली खरी असती तरी त्या पन्नास हजारांतून काय मिळालं असतं, हाही प्रश्नच.

मी तक्रार केली नाही. सगळ्या ठाण्यांचे नंबर पाठ असलेला, कुणालाही रात्री दोनला फोन करू शकणारा माणूस मी. तरी केली नाही. विकत घेणारा म्हणून मीही अडकेन ही भीती, आणखी इंजेक्शन लागलं तर पुन्हा त्याच माणसाकडे जावं लागेल हा हिशेब. त्यातून भाऊ अजून आत, त्यांच्या हवाली. तक्रार करण्यासाठी माणसाला एक मोकळी जागा लागते, जिथे त्याच्या मानेवर कुणाचा हात नसतो. ती जागा माझ्यासारख्यालाही मिळाली नाही, तर ज्या बाईचा मोबाईल नवऱ्याच्या खिशात होता तिला मी ‘ठाण्यात का नाही गेलात’ कुठल्या तोंडाने विचारलं होतं? त्या महिन्याच्या गोषवाऱ्यात माझा गुन्हा नव्हता. माझ्यावर झालेला नव्हता, आणि मी केलेलाही नव्हता. एक कोरा रकाना आता माझ्या नावाचाही होता.

पुढे सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२० सालचा अहवाल आला. असले अहवाल मी आजवर बातमीपुरते चाळत आलो होतो; हा मी दोन रात्री बसून वाचला. देशभरात महिलांवरच्या गुन्ह्यांची नोंद आदल्या वर्षीच्या ४,०५,३२६ वरून ३,७१,५०३ वर आलेली. घट. चोऱ्यांतही मोठी घट. सायबर गुन्हे ४४,७३५ वरून ५०,०३५, कारण माणसं मोबाईलवर आली तसे ठगही आले. आणि खून? २८,९१५ होते, ते २९,१९३ झाले. त्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. खुनाला फिर्यादीची वाट पाहावी लागत नाही. प्रेत पडतं आणि नोंद होते, मग टाळेबंदी असो वा नसो. जो गुन्हा तक्रारीवाचून नोंदला जातो तो घटला नाही. जिथे एका बाईला घराबाहेर पाऊल टाकून ठाण्याची पायरी चढावी लागते, ती नोंद मात्र घटली. एवढ्यावरून सिद्धांत मांडण्याइतका मी अभ्यासक नाही. पण मे २०२०मध्ये असे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी मला असती, तर ‘टाळं’ हा शब्द मी वापरला नसता.

त्याच अहवालात कलम १८८ होतं. २०१९मध्ये २९,४६९ गुन्हे. २०२०मध्ये ६,१२,१७९. एकूण गुन्हेगारी त्या वर्षी वाढलेली दिसते ती मोठ्या प्रमाणात ह्यामुळे. म्हणजे ज्या वर्षी मी गुन्हेगारीला टाळं लागल्याचं लिहिलं, त्याच वर्षी जवळपास सहा लाख गुन्हे असे होते की आदल्या वर्षी ती माणसं तेच करताना फक्त चालत होती, दुकान उघडत होती, गावी निघाली होती. पुढे २०२२मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीतले हे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. बरं झालं. तोवर किती पोरांचे चारित्र्य पडताळणीचे दाखले अडले, किती जण कोर्टाच्या तारखांना रोजगार बुडवून उभे राहिले, त्याची बातमी कुणी केली नाही. मीही केली नाही. मी तेव्हा निवृत्तीच्या कागदपत्रांत होतो.

जाता जाता मी एक बातमी बरी केली, असं मला वाटतं. आमच्या ग्रामीण भागात हातभट्टीच्या तांड्यांवर छापे पडायचे आणि मी ‘इतके लिटर गूळमिश्रित रसायन नष्ट’ असं वर्षानुवर्षं लिहायचो. आठवड्याने तिथेच नवी भट्टी. २०२१मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं. एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव दत्तक घ्यायचं, छापे चालू ठेवायचेच, पण जोडीला शिवणकाम, कर्ज, नोकरी, दुसरा धंदा काय लावून देता येईल ते बघायचं. मुळेगाव तांड्यावर मी पूर्वी कितीदा गेलो असेन, पण तिथल्या माणसांना ‘हे करता तरी का?’ असं मी त्या वर्षी पहिल्यांदा विचारलं. बातमीत काठीचा फोटो नव्हता. अभिनंदनाचा एकही फोन आला नाही.

निवृत्तीनंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो. कात्रण बरोबर नेलं होतं. पत्र्याची खोली तशीच, आता एक कूलर आला होता. त्याच्या आईने चहा ठेवला. मी माफी मागितली. नीट शब्द सापडले नाहीत, पण मागितली. त्याला अवघडल्यासारखं झालं. “तोंड दिसत न्हवतं सर फोटोत,” तो मलाच समजावू लागला. “नावबी न्हवतं.”

आई कपबशी पुढे सरकवत म्हणाली, “शर्ट वळकला ना सगळ्यांनी.”

गल्लीत, कारखान्यात, लग्न ठरत होतं त्या घरी. पिवळा चौकड्यांचा शर्ट. धूसर केलेल्या चेहऱ्याखाली तो स्पष्ट छापून आला होता. मी इतक्या वेळा कात्रण पाहिलं, मला शर्ट दिसला नव्हता. तिने लोखंडी ट्रंकेतून तो काढून दाखवला. घडी घातलेला, धुतलेला, बाहीला इस्त्रीची रेघ. दिवाळीला घेतला होता, ती म्हणाली. त्या दिवसानंतर त्याने तो घातलेला नाही, आणि नवा आहे म्हणून तिला तो टाकवत नाही.